बावीत वाकून बघू नये

जुलैमधली गोष्ट. आमच्याकडे पुण्याची चार पोरं आली होती. आमच्याकडे म्हणजे वेंगुर्ल्यापासून थोडं आत, घरातल्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो, तिसरी बांधायची म्हणतोय पण चिऱ्याचे भाव ऐकून गप्प बसलोय, असो. पावसात येणारे पाहुणे माझ्या मते दोन प्रकारचे, एक ज्यांना पाऊस बघायचा असतो आणि दुसरे ज्यांना पाऊस बघत प्यायचं असतं. ही तिसऱ्याच प्रकारची निघाली. सॅकमधून एवढासा प्रोजेक्टर काढला, बायकोकडे पांढरी चादर मागितली, पडवीत दोरी बांधून ती लावली आणि मला म्हणाली काका 'तुंबाड' बघणार आहोत, तुम्ही पण या.

मी तो भीतीचा पिक्चर आधी बघितलेला, 2018 ला ऑक्टोबरमध्ये आला तेव्हाच, जेमतेम वीस माणसं होती थेटरात. तेव्हा फारसा चालला नाही आणि 2024 च्या सप्टेंबरमध्ये परत लावला तर पहिल्यापेक्षा जास्त कमावला म्हणे, पिक्चरचंही नशीब असतं. पण तो पिक्चर बघायचा तर असाच बघावा. चादरीवर पाऊस, चादरीच्या मागे खळ्यात पाऊस, कुठला कुठे संपतो ते कळत नव्हतं. राही अनिल बर्वेंनी तो पाऊस खराखुरा घेतलाय, त्यासाठी कितीतरी पावसाळे थांबून शूटिंग केलं, आणि ते कोकणातल्या माणसाला लगेच कळतं कारण पाइपाने पाडलेला पाऊस सरळ पडतो, आमचा पाऊस आडवातिडवा येतो, आणि तो पडत नसतो तेव्हाही सगळं ओलंच असतं, गादी, मीठ, काडेपेटी, सगळं. पोरांना वाटत होतं तुंबाड हे गाव काल्पनिक. म्हटलं नाही रे बाबांनो, खेड तालुक्यात आहे, जगबुडी नदीच्या काठाला, आणि नाव आलंय ते श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून, फक्त त्या कादंबरीत पिक्चरमधला तो सोन्याचा राक्षस, हस्तर, वगैरे काही नाही, तिच्यात खोत आहेत आणि ते पुरेसे आहेत.

तर पिक्चर संपला, पोरं हसली-बिसली, दोघांनी घाबरलो नाही घाबरलो नाही असं जरा जास्तच वेळा सांगितलं आणि सगळी झोपली. त्यांच्या खोलीचा संडास मागीलदारी आहे, पडवीतून उतरून पंधरा पावलं, मध्ये विहीर. रात्री दोन वाजता आमच्या दारावर टकटक. चौघांतला सगळ्यात दांडगा, जिममध्ये जाणारा, तो उभा. म्हणाला, "काका, मागे जायचंय. सोबत येता?"

मला एवढं हसू आलं. छत्री घेतली, बॅटरी घेतली, गेलो. तो आत गेला आणि मी बाहेर विहिरीजवळ उभा राहिलो, तेव्हा लक्षात आलं की बॅटरी मी जमिनीवर मारतोय, माडावर मारतोय, न्हाणीच्या पत्र्यावर मारतोय, विहिरीकडे सोडून सगळीकडे मारतोय. वय वर्षं चव्वेचाळीस. विहीर माझ्या आज्याने खणलेली, तिचं पाणी पिऊन वाढलो, आणि रात्री तिच्यात मी वाकून बघत नाही. कधीच बघितलेलं नाही. आणि हे मला त्या दिवसापर्यंत नीट माहीतही नव्हतं.

मग झोप गेली ती गेलीच, पडवीत बसून विचार करत राहिलो की हे आलं कुठून.

एक तर आजी. आमची आजी गोष्टी सांगायची त्याला गोष्टी म्हणणं पण बरोबर नाही, कारण गोष्टीला शेवट असतो. ती माहिती दिल्यासारखं सांगायची. तांदूळ निवडता निवडता. गिऱ्हो पाण्यात असतो, तो माणसाला ओळखीच्या आवाजात हाक मारतो. देवचार हातात काठी घेऊन फिरतो, तो आपला राखणदार, त्याला घाबरायचं नाही, फक्त वाटेतून बाजूला व्हायचं. मुंजा अमुक पिंपळावर. आणि ती अमुक पिंपळ असं म्हणायची नाही, ती सांगायची "शाळेकडे वळतंस मां, थंयचो." शाळेकडे मी उद्या सकाळी वळणारच होतो! ही तिची खरी करामत. टीव्हीवरचं भूत टीव्हीवरच्या बंगल्यात राहतं, तो बंगला आपल्या गावात नाही, सीरियल संपली की विषय संपला. आजीचं भूत माझ्या रस्त्यावर राहायला होतं, पत्त्यासकट.

विहिरीबद्दल तिने एवढंच सांगितलं होतं, "तिनसांजेक बावीत वाकान बघू नको." मी विचारलं, "कित्याक?" तर म्हणाली, "बघू नको म्हटलंय मां." संपलं. आता कळतं की लहान पोर पडू नये म्हणून सांगितलं असणार, सरळ आहे. पण तिने कारण दिलं नाही आणि ती जी रिकामी जागा राहिली ना, तिच्यात पुढे काय काय येऊन बसलं.

बसलं म्हणजे कसं, तर कोल्हापूरला कॉलेजला होतो तेव्हा, 2003 असेल, होस्टेलवर एकाने 'रिंग'ची सीडी आणली, जपानी, 1998 ची. खाली इंग्रजी अक्षरं, प्रिंट इतकी भिकार की अर्धा वेळ काळोखच दिसायचा, पण खरं सांगतो त्याने ती जास्त वाईट झाली. ज्यांनी बघितली नाही त्यांना सगळं सांगत नाही, पण तिच्यात एक विहीर आहे आणि विहिरीतून एक बाई येते आणि तिचं चालणं असं आहे की अंगावर काटा येतो पण का येतो ते समजत नाही. नंतर कुठेतरी वाचलं की त्या नटीला उलटं चालायला लावून शूट केलं आणि फिल्म उलटी फिरवली, म्हणजे ती पुढे येताना दिसते पण अंगाच्या हालचाली मागे जाणाऱ्या माणसाच्या. साधी युक्ती. कळल्यावर भीती जायला हवी ना? काही गेली नाही.

होस्टेलच्या पोरांना आठवड्यात विसर पडला. त्यांच्याकडे नळ होते. मी मे महिन्यात घरी आलो आणि पहिल्याच संध्याकाळी आईने कळशी हातात दिली.

आमची विहीर सांगतो कशी आहे. चिऱ्याची बांधलेली, तोंडाशी गोल, आत जाता जाता चिऱ्यांवर शेवाळ, मग नेचे, एका फटीत वडाचं रोप आहे ते दर वर्षी काढतो आणि दर वर्षी येतं. वर रहाट, तो करकरतो, तेल घातलं की चार दिवस गप्प आणि परत. मे महिन्यात पाणी इतकं खाली जातं की राजू, म्हणजे दोर, सोडतच राहावं लागतं, आणि कळशी पाण्याला लागते तो आवाज वर यायला क्षणभर वेळ लागतो. त्या क्षणभरात माणसाने काय करायचं? मी खाली बघितलं. तिन्हीसांज होती. पाणी म्हणजे एक काळी वाटोळी चकती, तिच्यात आभाळाचा एवढासा तुकडा, आणि त्या तुकड्यात खालून काहीतरी वर आलं. काळं, गोल, हळूहळू. आणि थांबलं. आणि बघत राहिलं.

कळशी राजूसकट सोडली मी. आत धावलो. बाबा आले, बॅटरी मारली, म्हणाले, "अरे कासव."

कासव! आमच्याकडे विहिरीत कासव सोडतात, पाणी स्वच्छ राहतं म्हणून, ते माझ्या जन्माच्याही आधीपासून तिथे होतं, मला चांगलं माहीत होतं, लहानपणी त्याला भात टाकायचो मी. पण त्या संध्याकाळी ते कासव नव्हतं. कळशी काढायला दुसऱ्या दिवशी गळ लावावा लागला आणि तिला जो पोचा आला तो अजून आहे, आई गेली तरी कळशी आहे, आणि ती बघितली की मला जपानची ती बाई आठवते. कुठे जपान आणि कुठे आमची कळशी.

मला वाटतं सगळी मेख इथेच आहे. भीतीला राहायला जागा लागते. तुमच्या घरात तिला खुंटी सापडली तर ती राहते, नाहीतर थेटरच्या दारातूनच परत जाते.

याचा उलटा पुरावा म्हणजे 'जॉज'. 1975 चा तो शार्कवाला. त्यात म्हणे यंत्राचा शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बंद पडायचा, म्हणून दिग्दर्शकाला तो कमीत कमी दाखवावा लागला, आणि न दिसणाऱ्या शार्कने जग हादरलं. अमेरिकेत लोक तळ्यात पोहायला घाबरायला लागले, तळ्यात, जिथे शार्क असायचं कारणच नाही. हे मी एका संशोधनाबद्दल वाचताना वाचलं. 1999 मध्ये तिकडे हॅरिसन आणि कँटर नावाच्या दोघींनी दीडशेएक कॉलेजच्या मुलांना विचारलं होतं की लहानपणी बघितलेल्या कशाने तुम्ही इतके घाबरलात का की ती भीती नंतरही टिकली, तर 90 टक्के हो म्हणाले, आणि साधारण चौघांतल्या एकाला तर ते अजूनही छळत होतं. म्हणजे मी एकटा नाही, हे वाचून जरा बरं वाटलं.

तर 'जॉज'. माझा चुलतभाऊ रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरायला जातो. केबलवर 'जॉज' लागला होता, हिंदीतून, आणि आम्ही दोघं बघत होतो. पाणी लाल झालं, ते संगीत चालू झालं, माझे हात घट्ट, आणि हा शांतपणे म्हणाला, "केवढी मोरी रे! किती किलो भरात?" आमच्याकडे शार्कला मोरी म्हणतात, मुशी पण म्हणतात, आणि मोरीचं सुकं जे आहे ते ज्याने खाल्लं नाही त्याची दया येते. ज्या जनावराला वाटपाचा खोबऱ्याचा अंदाज घेऊनच बघायची सवय आहे त्याला घाबरणार कसे? बिचाऱ्या दिग्दर्शकाने केवढी मेहनत घेतलेली. आणि हाच भाऊ, सहा फुटी, रात्री खाडीवरून एकटा येताना कोणी मागून हाक मारली तर वळून बघत नाही. तीन हाका झाल्याशिवाय ओ देत नाही. मी एकदा मुद्दाम एकच हाक मारून बघितली, हा ताड ताड चालत सुटला तो घरापर्यंत.

2016 च्या फेब्रुवारीत 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली तेव्हाचं वातावरण आठवतं का कुणाला? आकेरीचा वाडा, नाईकांचं घर, पांडूचं 'इसारलंय'. आमच्याकडे एक गट म्हणत होता की कोकणाची बदनामी चालली आहे, इथे काय नुसती भुतंच आहेत का, आणि त्या गटातली सगळी माणसं रात्री साडेदहाला टीव्हीसमोर. मी पण. पाहुणे तर इतके विचारायला लागले की तुमच्याकडे पण 'तसलं' काही आहे का, की बायको म्हणाली पाटी लाव, असल्यास दर वेगळा. पण मला विचाराल तर त्यातलं भूत मला कधी लागलं नाही. लागलं ते काय, तर म्हातारा गेल्यावर एका घरात जमलेले भाऊ, आणि जमिनीचा विषय निघाला की प्रत्येकाच्या चेहऱ्यावर येणारं ते जे काही असतं ते. ते आमच्याकडे घराघरात आहे. सातबाऱ्यावर सतरा नावं, एक मुंबईत, एक बडोद्याला, एकाचा पत्ता नाही, सही कोण करणार, म्हणून घर पडतंय तर पडू दे. आमच्या वाडीत अशी पाच घरं बंद आहेत. एकाच्या छपरातून फणस वर आलाय. संध्याकाळी तिथून जाताना मी पाय उचलतो, आणि ते भुताला घाबरून नव्हे, मला ते घर गजबजलेलं आठवतं म्हणून. 'तुंबाड'मध्ये पण बघा, हस्तर राहू दे, एकदा सोनं मिळालं की त्या माणसाचे डोळे कसे होतात ते बघा.

पण पिक्चर-सीरियल सगळं एका बाजूला आणि माझ्या आयुष्यातला एक कोंबडा एका बाजूला.

आत्या आचऱ्याला दिलेली, मालवण तालुक्यात. आचऱ्याची गावपळण माहीत असेल. दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की तीन दिवस तीन रात्री अख्खं गाव गाव सोडतं. अख्खं म्हणजे अख्खं. म्हातारी, बाळंतीण, गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या सगळं घेऊन वेशीबाहेर जायचं, झोपड्या घालून राहायचं, मागे घरं, दारं, विहिरी, बागा सगळं सोडून. का, तर ते दिवस गाव 'त्यांच्यासाठी' रिकामं. कुणी म्हणतं पूर्वी रोगाची साथ टाळायला सुरू झालं असेल, कुणी काही म्हणतं, पण लोकांना त्याचं काही पडलेलं नसतं कारण मजा खूप येते, भजनं, फुगड्या, तीन दिवस सगळ्यांचं जेवण एकत्र, शेजारणी ज्या वर्षभर बोलत नाहीत त्या एका चुलीवर. मी बारा वर्षांचा असेन, आत्याने बोलावून घेतलं.

दुसरी रात्र. थंडी होती, उशिरापर्यंत भजन झालं, सगळे झोपले. मला पहाटे जाग आली, आणि आधी कळेना कशाने आली. मग कळलं, शांततेने. झोपडीच्या या बाजूला गुरांचा आवाज, कुणाचं तरी घोरणं, एक पोर रडत होतं. त्या बाजूला, गावाकडे, काहीच नाही. गावाचा आवाज असतो हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं, तो नसल्यावर समजलं. कुत्रं नाही, बैलाची घंटा नाही, पंप नाही, रेडिओ नाही. एवढं मोठं गाव, घरं तशीच उभी, आणि कुणीतरी वरून झाकण घातल्यासारखं.

आणि त्या शांततेत गावातून कोंबडा आरवला.

एकदाच. स्वच्छ. माझ्या लक्षात आलं की झोपडीत मी एकटा जागा नव्हतो कारण घोरणं थांबलं. कुणी बोललं नाही. मग पलीकडून एका बाईचा हळू आवाज, "कोणाचो कोंबो रवलो गो?" आणि मग मला जे ऐकू आलं ते मी आयुष्यात विसरणार नाही, एकेका झोपडीतून बायका उठल्या आणि अंधारात आपापल्या खुराड्यात हात घालून कोंबड्या मोजायला लागल्या. कक् कक् कक्, पंखांची फडफड, पुटपुटलेले आकडे. आत्याने मोजल्या. सगळ्या होत्या. शेजारणीच्या सगळ्या होत्या. सकाळपर्यंत सगळ्यांच्या मोजून झाल्या, कुणाचाच कोंबडा राहिलेला नव्हता.

दिवसा आत्याचे यजमान म्हणाले रानकोंबडा असणार. असेल. पण रानकोंबड्याची बांग मी ऐकलीय, ती तुटक असते, मध्येच कुणी गळा धरल्यासारखी. ही तशी नव्हती. चौथ्या दिवशी कौल झाला, सगळे परत गेले, आत्याने दार उघडलं, केर काढला, चहा टाकला. मी विचारलं, "आते, तो कोंबो?" ती म्हणाली, "चाय घे."

पुण्याच्या पोराला मी हे त्या रात्री सांगितलं नाही, मला परत रात्री उठायचं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी आरवलीला वेतोबाच्या देवळात घेऊन गेलो चौघांना, तेवढं दाखवलं. वेतोबा म्हणजे वेताळ, भुतांचा राजा, माणसापेक्षा कितीतरी उंच मूर्ती, आणि नवसाला त्याला काय वाहतात तर केळ्याचे घड आणि चामड्याच्या चपला. ही थोरली, दोन माणसांचे पाय मावतील एवढी. तो रात्री गावावरून फिरतो, राखण करतो, म्हणून चपला झिजतात अशी श्रद्धा. पोरं खालीच बघत राहिली, तळवे बघत होती चपलांचे. त्यातला एक म्हणाला काका हे भारी आहे, तुमच्याकडे भूत ड्युटीवर असतं. म्हटलं असंच समजा. लहानपणी रात्री मागीलदारी काही वाजलं की आजी म्हणायची, "कांडेचोर असतलो, नायतर राखणदार असतलो, नीज." दोन्ही शक्यता तिला सारख्याच साध्या. मला तेवढ्यावर झोप लागायची. आता मला माहीत आहे की कौलांवरून धावतं ते कांडेचोरच, उदमांजर, मी स्वतः बघितलंय शेपटीसकट, आणि आता झोप लागायला वेळ लागतो.

त्याच दिवशी संध्याकाळी लाईट गेली, जाणारच, माड पडला होता तारांवर. पंप बंद, टाकी रिकामी, चौघांना आंघोळी करायच्या होत्या समुद्रावरून येऊन. मी ती पोच्याची कळशी काढली आणि विहिरीवर गेलो, जिमवाला मदतीला आला. तिन्हीसांज होत होती. मी राजू बांधला, कळशी काठाच्या चिऱ्यावर दोनदा वाजवली, टण टण, आणि मग सोडली.

"काका, वाजवली कशाला?"

खरं तर ते पण आजीचं. ती वाजवायची, आई वाजवायची, मी वाजवतो, खाली जे काही असेल त्याने बाजूला व्हावं म्हणून. म्हटलं कासव आहे रे खाली, त्याच्या डोक्यात पडायला नको. खोटं नव्हतं. तो वाकून बघायला लागला तर मी त्याचा दंड धरून मागे घेतला, जरा जोरातच धरला असेन, कारण त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. खालून 'बुडुक' आवाज आला. आम्ही दोघांनी बारा कळशा काढल्या, तो ओढत होता, मी ओतत होतो, खाली कुणीच बघत नव्हतं.

सकाळी लाईट आली. मी दात घासत मागीलदारी उभा होतो, बाथरूमचं दार अर्धवट उघडं, जिमवाला आंघोळीची तयारी करत होता. प्लास्टिकची निळी बादली त्याने उचलली, इकडेतिकडे बघितलं, फरशीवर हळूच दोनदा आपटली, आणि मग नळाखाली लावली.